नऊ वाक्यांचा न्यायाधीश

३ मार्च २०१४, सोम. लायडन
आज पुन्हा खालच्या मजल्यावर एडविनकाकांकडे. (काका मनात. तोंडावर मिस्टर एडविन.) एक्क्याऐंशीचा इंग्लिश नट. डच बायकोपायी इथे आला, ती गेली, हा राहिला. पन्नास वर्षं कामं केली, सगळी बिननावाची. दुसरा हवालदार. पाद्री. बटलर, बटलर, बटलर. रस्त्यात लोक थबकतात, पण कुठे पाहिलंय ते कुणाला आठवत नाही. आणि आता बेल्जियममध्ये एका मालिकेत न्यायाधीश! नाव असलेला! नऊ वाक्यं. शूटिंग २० ला. पाठांतराला समोर बसायला मी, महिनाभर झाला. सु. म्हणाला, "भाज लष्कराच्या भाकऱ्या." भाजते. त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला दुसरं काय काम आहे इथे?

५ मार्च, बुध.
त्यांची पद्धत अशी: स्वतःच्या ओळींवर पोस्टकार्ड ठेवायचं. मी वकिलाचं वाक्य वाचायचं, ते उत्तर देणार, मग कार्ड एक ओळ खाली. चुकलं की अख्खा प्रवेश पहिल्यापासून. अडले तरी ते "हं?" म्हणेपर्यंत मी सांगायचं नाही. आज नऊच्या नऊ धडाधड. टाळ्या वाजवल्या तर लाजले. म्हणाले, "या माणसाला नाव आहे. त्याला जपायला हवं."

१० मार्च, सोम.
मी चहाला आलं किसत होते, पाठ त्यांच्याकडे. तसंच वकिलाचं वाक्य म्हटलं. उत्तर नाही. वळले तर माझ्याकडे बघत बसलेले. समोर जाऊन पुन्हा म्हटलं. लगेच बोलले, एक शब्द इकडचा तिकडे नाही.
घरी येऊन आरशासमोर तेच वाक्य म्हणून पाहिलं. अगं बाई! वाक्य संपलं तरी माझे ओठ हलतात, न्यायाधीशाचं उत्तर म्हणत. कॉलेजात तीन वर्षं स्पर्धेच्या नाटकांना विंगेत प्रॉम्प्टर होते. समोरचा थांबला की तोंड आपोआप चालतं, आवाज न करता. म्हणजे महिनाभर ते पाठ केलेलं म्हणत नव्हते. मला वाचत होते.

१२ मार्च, बुध.
खात्री करायला कागद तोंडापुढे धरला. तिसऱ्या वाक्यावरून एकदम सातव्यावर, आणि मग, "जेवण तयार आहे, सर." कुठल्या तरी जुन्या बटलरचं. स्वतःच हसले. मग हसायचे थांबले. मी म्हटलं, "आज हवा खराब आहे ना, म्हणून." काय पण! हवेचा काय संबंध? कागद खाली घेतला. पुढचं सगळं बरोबर आलं. इतके खूश झाले की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ मार्च, शुक्र.
लीसचा फोन. त्यांची मुलगी, आर्नहेमला असते. ही लोकं थेट विचारतात: "बाबांना जमेल का?" मी म्हटलं, "छान चाललंय." म्हाताऱ्या माणसाचं उणं त्याच्याच मुलीला कसं सांगायचं? आपल्याकडे 'छान' म्हटलं तरी समोरचा काय ते समजतो. इथे छान म्हणजे छान. ती "बरं झालं, काळजी मिटली" म्हणाली आणि फोन ठेवला.
सु. म्हणे, उलट फोन करून सांगून टाक.
"तू सांग."
"मी कशाला?"
घ्या!

१८ मार्च, मंगळ.
आज सांगायचंच, असं ठरवून गेले. दारातच म्हणाले, "मला जमत नसेल तर सांगशील ना? माझी बायको सांगायची." याहून सोपं करून कोण देणार? मी म्हटलं, "हो, सांगेन की." आणि मुकाट बसून वकिलाचं वाक्य वाचलं.
ओठ घट्ट मिटून धरले. ते थांबले. "हं?" सुद्धा म्हणाले नाहीत, नुसते बघत राहिले. नाही बघवलं. सोडले ओठ.
वर येताना जिन्यातच रडले. भित्री आहेस तू, दुसरं काही नाही.

२० मार्च, गुरु.
सकाळी लीस गाडी घेऊन आली. काका दाढी करून, कडक इस्त्रीत. "तूही चल ना," म्हणाले. लीस म्हणाली, सोबत एकालाच परवानगी आहे. मी हात हलवला.

दुपारी तीनला फोन. लीस दबक्या आवाजात: "सकाळपासून दुसऱ्या वाक्यापुढे जात नाहीयेत. म्हणतात, ती समोर बसली की येतं मला. म्हणजे काय?"
मागून काकांचा आवाज, कुणाला तरी विनवणारा. "पाचच मिनिटं, प्लीज. ती येतेय."

"तुला माहीत होतं?" लीसने विचारलं.
म्हटलं, दहा मिनिटांत उलट फोन करते.
वीस झाली.