परत आलेलं नाव

ता. ३ जानेवारी १९१३
जामसरला देवी टोचून आलो. चालून चालून पिंढऱ्यांचे गोळे झालेत. बायका पोरांना पदराआड लपवतात, म्हणून गेल्या वर्षी सगळ्यांसमोर आधी आमच्या मुलीला, ज्यो.ला, टोचून दाखवलं होतं. त्याचं फळ आज मिळालं, एकही आई मागे सरली नाही. वहीत नावं लिहायला बसलो तर पहिली जोसना, दुसरी जोसनी, तिसरी पुन्हा जोसना. सोमवारची सोमी, बुधवारची बुधी ठेवणारी ही माणसं, आणि एका पाड्यात तीन ज्योत्स्ना. टोचल्यामुळे नव्हे, नावामुळे आमची पोर धडधाकट राहिली असं त्यांनी ठरवलंय. हसू आलं. वहीत जोडाक्षर मात्र तिन्ही ठिकाणी नीट काढलं.

ता. ४
सौ.ला सांगितलं. तिला हसू आलं नाही. नाव माझ्याच हौशीचं. बारशाला आत्या तीनदा अडखळली, शेवटी कानात काय म्हणाली ते तिलाच ठाऊक. आईसुद्धा जोसनाच म्हणते. मी दुरुस्त करतो, ती लक्ष देत नाही. सौ.चं म्हणणं, नाव असं वाटलं जाणं बरं नव्हे. का, ते सांगेना.

ता. १०
जामसरहून निरोप. मंगळीच्या मुलीला, म्हणजे तिसऱ्या ज्योत्स्नेला, ताप. टोचल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी कणकण येतेच, असं निरोप्याला सांगितलं. स्वतःलाही दोनदा सांगितलं. जेवण गेलं नाही.

ता. १२
जाऊन आलो. बाकी दोघी खेळताहेत. मंगळीची निपचित, दूध ओढत नाही. दंडावरचा फोड चांगला आहे, ताप त्याचा वाटत नाही. मग कशाचा? जव्हारला डॉक्टरांकडे आण म्हटलं.
सुई दिव्यावर धरली होती ना? होती. नक्की होती.

ता. १३
सकाळी मंगळी दारात, पोर झोळीत. डॉक्टरांकडे न्यायला आली असं वाटून मी वहाणा घातल्या. ती ओट्याखालीच बसली.
"दादा, तुजे पोरीचा नाव आमचे पोरीला पेलत नाय. तू परत घे. मंग मी हिला बुधी म्हनन."
तिनं आणलेले मूठभर तांदूळ मी हातात घ्यायचे आणि 'घेतलं' म्हणायचं, एवढंच. म्हटलं घेतो, पण मग पोर डॉक्टरांना दाखवायची. तिनं मान डोलावली.
तेवढ्यात सौ.नं आत बोलावलं. "नावाबरोबर आणखी काय येईल, कोण सांगणार? आपल्याला एकच आहे." मी तिला वेड्यात काढलं. बाहेर आलो, हात पुढे केला, आणि जीभ उचलेना. सहा वर्षं पाड्यापाड्यांवर ह्याच भीतीशी भांडतोय मी. ज्यो. माझं धोतर धरून उभी. मंगळीचा हात तसाच पुढे.
घेतलं म्हणालो. फार घाबरलो होतो, इथे तरी लिहून ठेवतो.
डॉक्टर म्हणाले छातीत कफ आहे, दोन दिवस राहा. मंगळी राहिली नाही, औषध घेऊन परत गेली.

ता. १५
जामसरचा निरोप नाही. मोळ्या विकायला आलेल्या बायकांना विचारलं, त्या दुसऱ्या पाड्याच्या, त्यांना काही ठाऊक नाही. तांदूळ सौ. घरात ठेवू देईना, मला टाकवेनात, म्हणून कोटाच्या खिशात. दुपारी ज्यो. दोनदा शिंकली. कपाळ पाहिलं, गार. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. आई विचारते, पोर बरी आहे ना, सारखी काय चाचपतोस?
उद्या सकाळीच जामसरला निघतो. तिथे गेल्यावर कोणत्या नावानं चौकशी करायची, आणि बुधी म्हटल्यावर जर मंगळी…
परवापासून सौ. मुलीला नावानं हाक मारत नाही. अगं इकडे ये, चल जेवायला, असं चाललंय. तिला बोलणार होतो. मग आठवून पाहिलं. मीही मारलेली नाही.