आमच्याच घरी दोन दिवस पाहुणे

वरची आळी, स्कारविक
९ ऑक्टोबर

प्रिय हॅरोल्ड यास,
धाकट्या भावाचा सप्रेम नमस्कार.

हे पत्र पोचेल तेव्हा तू, जॉयस आणि तुझी नवी बोट असे तिघंही खुशाल असाल, अशी आशा करतो. (जॉयसला बोटीच्या आधी विचारलं म्हणून रागावू नकोस. नाताळच्या तुझ्या पत्रात बोट पहिल्या पानावर होती आणि जॉयस चौथ्या.) ऑस्ट्रेलियातल्या उन्हानं तुझी पाठदुखी पळाली हे वाचून बरं वाटलं. आमची दुखणी इथं सुखात आहेत. त्यांना उन्हाचा त्रास अजिबात नाही.

पत्रास कारण की, तुझे आभार मानायचे राहिले आहेत. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून तू थेट पर्थहून भेट पाठवलीस, ती म्हणजे आपल्या आईच्या घरी दोन रात्रींचा मुक्काम. आई गेल्यावर वर्षाच्या आत तू जे विकलंस आणि आता जे सुट्टीवर आलेल्या लोकांना भाड्यानं देतात, तेच घर. वर 'ऐतिहासिक स्थळे व रम्य किनारा' अशी नऊ जागांची यादीही धाडलीस. कुठं काय बघायचं, कुठं उभं राहून फोटो काढायचा, सगळं. हॅरोल्ड, मी एकतीस वर्षं व्हिटबीची बस चालवली. त्या यादीतल्या प्रत्येक जागी मी माणसं उतरवली आहेत आणि 'परतीची शेवटची गाडी पाच वाजता' असं ओरडलो आहे. पण तू हौसेनं दिलंस, म्हणून गेलो. आमच्या दारापासून आईच्या दारापर्यंत उतारानं अकरा मिनिटं लागतात. तरी मॉरीननं बॅग भरली. ती पडली लीड्सची, तिच्या मते बॅग असली तरच ती सहल.

दाराशी गेलो तर किल्ली एका छोट्या पेटीत आणि पेटीला आकड्यांचं कुलूप. तू पाठवलेले आकडे लागेनात. पाऊस तिरपा येत होता. ज्या दारातून मी एकवीस वर्षं न ठोकता आत गेलो त्या दाराशी मी भिजत उभा, आणि शेजारच्या घरातून (जिथं म्हातारा अ‍ॅम्ब्रोज जाळी विणायचा) एक निळ्या टोपीतल्या बाई बाहेर आल्या. त्या बर्मिंगहॅमच्या, चार दिवसांसाठी आलेल्या. त्यांनी मला समजावलं की आधी अमुक बटण दाबायचं असतं, नवख्या लोकांचा इथं असाच गोंधळ होतो. मी त्यांचे आभार मानले. सध्या मी सगळ्यांचेच आभार मानतो आहे.

आत गेलो. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथं तर वासे चक्क पांढऱ्या रंगानं रंगवलेत. दारावर पाटी : 'कप्तानाचा विसावा'. आपला बाप कधी कप्तान होता, हे तुला ठाऊक असेल तर कळव. त्याची एक कोबल, म्हणजे मासेमारीची छोटी होडी होती, एक भागीदार होता, आणि विसावा त्याला फक्त रविवारी प्रार्थनामंदिरात मिळायचा, तोही पाद्र्याचा डोळा चुकवून. भिंतीवर चौकटीत घराचा इतिहास लावलाय. म्हणे इथं चोरटी दारू आणणारे राहायचे. आईनं आयुष्यात दारूचा थेंब घरात येऊ दिला नाही. तिनं हे वाचलं असतं तर आधी चौकट फोडली असती, मग मालकाला. चहा करायला म्हणून कप घेऊन मी स्वयंपाकघराकडे वळलो आणि सवयीनं दोन पायऱ्या उतरायला पाय खाली टाकला. त्या पायऱ्या आता नाहीत, जमीन सपाट केली आहे. जिथं खड्डा हवा तिथं जमीन लागली, माझे दात जिभेवर आपटले आणि कप कप्तानाच्या इतिहासावर.

आणि मग ते दिसलं. दार अडवायला ठेवतात ना, तशी चिनी मातीची जड वस्तू. गुलाबी, गुबगुबीत, वळलेल्या शेपटीची, चिखलात लोळण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या त्या जनावराची. हॅरोल्ड, त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. तूही ते बोलत नाहीस, कोळ्याच्या घरात कुणीच बोलत नाही. कुणी बोललं तर लगेच थंड लोखंडाला हात लावायचा आणि त्या दिवशी बोट काढायची नाही. मी लोखंड शोधू लागलो. आईची लोखंडी चूल गेली, तिथं आता काचेमागं खोटी आग नाचते. चिमटा नाही, सळई नाही, चमचे सगळे स्टीलचे. शेवटी मागच्या अंगणात धावलो आणि पावसाच्या पाण्याचा बिडाचा नळ दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. बर्मिंगहॅमच्या बाईंनी खिडकीतून विचारलं की मी तो उपटतो आहे का. मी म्हटलं, नाही हो, मी फक्त धरलाय. यावर त्यांनी खिडकी लावून घेतली.

आता तू हसत असशील. हस. पण नळ धरून उभा असताना मला ती नोव्हेंबरातली सकाळ आठवली, आणि तुला आठवत नाही असं मला सांगू नकोस. तू दहा वर्षांचा, मी सहा. बाबा टेबलाशी उभ्याउभ्या चहा पीत होते. आई चुलीकडे तोंड करून. तू शाळेचं चित्रांचं पुस्तक माझ्यापुढं धरलंस, त्या जनावराच्या चित्रावर बोट ठेवलंस, आणि मी ओठ घट्ट मिटले म्हणून माझा आवाज काढून तूच तो शब्द म्हणालास. आई गर्रकन वळली. 'कोण बोललं?' तुझं बोट पुस्तकावरून उठलं ते सरळ माझ्यावर. बाबा हसले, चुलीच्या सळईला हात लावून म्हणाले, 'अगं, पोरं आहेत, चालायचंच,' आणि गेले. संध्याकाळी दात्या खडकावर नुसती बोट सापडली.

मी तेव्हा का बोललो नाही असं तू विचारशील. मी बोललो, रडून रडून बोललो. पण ज्याच्या नावावर आळ आला त्याचं ओरडणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. आईनं मला कधी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. बोटी निघायच्या वेळी ती मला आतल्या खोलीत बसवायची, आणि सगळ्या बोटी नजरेआड झाल्या की मग दार उघडायची. मी सोळा वर्षांचा झालो तरी एकाही नाखव्यानं मला बोटीवर घेतलं नाही. सकाळी वाटेत मी दिसलो की माणसं घरी परत जायची, आणि त्यांच्या बायका माझ्या नावानं बोटं मोडायच्या. म्हणून बस, हॅरोल्ड. बस बुडत नाही. तू मात्र समुद्रावर गेलास, मग ऑस्ट्रेलियाला गेलास, आणि घरही तुलाच मिळालं. मृत्युपत्रात आईनं लिहिलं होतं, 'ज्यानं जीभ सांभाळली त्या मुलाला.' वकिलानं ते दोनदा वाचलं, त्याला वाटलं काही चुकलंय. अकरा वर्षं तिचे पाय मी चेपले, आणि जीभ सांभाळल्याचं बक्षीस तुला.

असो. सहलीविषयी लिहायचं राहिलं. व्हिटबीला मठाच्या एकशे नव्व्याण्णव पायऱ्या चढलो. मॉरीनला अवशेष आवडले. माझं मत असं की छप्पर नसलेल्या जागेत ज्या पावसासाठी लोक मैलोगणती येतात, तो आमच्या आळीतही पडतो. किल्ला धुक्यात होता, असेल असं धरून चाललो. दीपगृह बंद. दुसऱ्या दिवशी तुझ्या यादीतली सातवी जागा : 'दात्या खडक. अत्यंत रम्य. ओहोटीला जावे, फोटो छान येतो.' मी ती ओळ वाऱ्यात उभा राहून तीनदा वाचली. तू विसरलास की लिहिताना तुझा हात अडला नाही, यातलं मला काय जास्त लागलं ते अजून ठरत नाही. मॉरीननं माझा फोटो काढला. सोबत पाठवतो आहे. डोळे मिटलेत, वाऱ्यामुळे.

निघताना पाहुण्यांच्या वहीत अभिप्राय लिहायचा असतो. माझ्या आधीच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं की समुद्रपक्षी फार ओरडतात, मालकानं लक्ष घालावं. मी लिहिलं, 'एकवीस वर्षं राहिलो. आतल्या खोलीचं दार आता आतूनही उघडतं, ही चांगली सुधारणा आहे.' आणि सही केली.

तर पुन्हा एकदा भेटीबद्दल मनापासून आभार. जॉयसला नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. सगळं ठीक आहे, काळजी नसावी.

तुझा भाऊ,
विल्फ

ता. क. ते चिनी मातीचं जनावर मी मॉरीनच्या बॅगेतून घरी आणलं. मालकाचा निरोप आला, वस्तू सापडत नाही. मी कळवलं की चालत गेली असेल. सध्या ते टेबलावर खोक्यात बांधून ठेवलंय, वर तुझा पत्ता घातलाय. घराबद्दल मला काही नको. मला एकच ओळ हवी, तुझ्या अक्षरात : 'त्या सकाळी तो शब्द मी बोललो.' खाली सही. आईच्या थडग्यापाशी दगडाखाली ठेवीन, बाकी कुणाला दाखवणार नाही. ओळ आली तर खोकं इथंच राहील. नाही आली तर तुझ्या नव्या बोटीला माझी भेट समज.

आणखी एक ता. क. मॉरीननं हे सगळं वाचलं. ती म्हणते, बाबा वाऱ्यानं गेले, शब्दानं नाही, आणि एवढं शहाणपण दोन म्हाताऱ्यांना पासष्ट वर्षांत आलं नाही म्हणजे कमाल आहे. मी म्हटलं, तू लीड्सची, तिथं समुद्रच नाही, तुला काय कळणार. त्यावर म्हणाली, 'मग एकदा धक्क्यावर जाऊन मोठ्यानं म्हणून टाक तो शब्द. शिक्षा तर सगळी भोगून झालीये, निदान गुन्हा तरी करून घे.'

शेवटचं. आज सकाळी गेलो धक्क्यावर. आजूबाजूला कुणी नव्हतं. तोंड उघडलं. तेवढ्यात खालून एक बोट निघाली, सील बघायला जाणाऱ्या लोकांची, सगळे नारिंगी जाकिटातले, परगावचे. मी कुणालाच ओळखत नव्हतो. तोंड मिटलं, आणि ती टोकाला वळसा घालून जाईपर्यंत लोखंडी कठड्याला हात लावून उभा राहिलो. खोकं पोस्टात टाकत नाही, हॅरोल्ड. तू बोट खुशाल काढ. पण ती ओळ लिही. मला तो शब्द एकाहत्तराव्या वर्षी बोलता आला नाही. सहाव्या वर्षी कुठून येणार होता?