घोडीच्या डाव्या बाजूने

बाबा, तुम्ही मला एकदाही घोडीवर का बसू दिलं नाहीत, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आईला विचारलं की ती दर वेळी वेगळं सांगते. घोडी शेठची होती, दिवसभर गिऱ्हाइकं वाहून दमलेली असायची, तू पडली असतीस. सगळंच खरं असेल. पण माथेरानात बाकीच्या घोडेवाल्यांची पोरं संध्याकाळी घोड्यावर बसूनच घरी यायची, आणि ते घोडेही शेठचेच होते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. शेवटचं गिऱ्हाईक हॉटेलवर सोडून आपण परत निघालोय. तुम्ही तंबाखू मळताय, तेवढ्यात मी एका दगडावर चढून खोगिरावर बसते. तुम्ही ओरडत नाही. मला दोन्ही काखांत धरून खाली ठेवता आणि म्हणता, "ही जागा आपली नाही, बाळा." मग घरापर्यंत आपण दोघं तांबड्या धुळीतून चालत येतो, मधे रिकामी घोडी.

आता मी चेन्नईत असते. सिरुसेरीला कंपनीत काम करते. घरातली पहिली पदवी तुम्ही गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात हातात आली, ती आईने तुमच्या फोटोसमोर ठेवली होती. एकदा इथल्याच समुद्रकाठच्या कोवलमला बसने जाताना रस्त्याकडेला खोगीर घातलेली एक तपकिरी घोडी उभी दिसली आणि मी काही विचार न करता पुढच्या थांब्यावर उतरले. तिथे मोठ्या माणसांना घोडेस्वारी शिकवतात. दर रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. माझ्या तुकडीतले सगळे माझ्यासारखे, संगणकापुढे बसणारे. पहिल्या दिवशी माझ्या पुढच्या बाईंनी रिकिबीत पाय ठेवला आणि मी आपोआप घोडीच्या उजव्या बाजूला जाऊन तिकडची रिकीब दोन्ही हातांनी खाली ओढून धरली. जाड गिऱ्हाईक चढताना खोगीर फिरू नये म्हणून तुम्ही मला हेच काम द्यायचात ना. मला ते चुकीचं वाटलंच नाही. पुढच्यासाठीही धरली, त्याच्या पुढच्यासाठीही. एकाने मी तिथलीच कामाला आहे असं समजून आपला मोबाइल आणि पाण्याची बाटली माझ्याकडे दिली, तीही मी घेतली. शेवटी शिकवणाऱ्या मॅडम हसत म्हणाल्या, "सगळ्यांना चढवलंस. आता तुला कोण चढवणार?"

मी चढले. दोरी धरून चालायला तिथे एक अण्णा आहेत, तुमच्याच वयाचे, म्हणजे तुम्ही असतात तर. ते घोडीच्या डाव्या बाजूने, तुम्ही चालायचात तसेच, तिच्या मानेशी खांदा लावून चालू लागले. आणि वरून मला त्यांची फक्त टाळू दिसली. विरळ केस, घामाने चिकटलेले, त्यावर वाळू. चेहरा नाही. ते काही बोलले की टाळूच बोलल्यासारखं वाटे. बाबा, मी जन्मभर तुमच्याकडे खालून बघितलं, गिऱ्हाइकांना तुम्ही कसे दिसत असाल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. माझी नजर तिथून हलेना. अण्णांना वाटलं, मी घाबरले. "कीळ पाक्काद मा," ते म्हणाले. खाली बघू नकोस, पोरी.

त्यानंतरचे दोन रविवार मी गेले नाही. कॉलेजात मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषणं केली आहेत, बक्षीसही घेतलंय, आणि इथे एक म्हातारा माणूस वाळूत पाय रुतवत चालत होता व मी वर बसले होते. वाटलं, सोडून द्यावं. तुम्ही सांगितलंच होतं की ही जागा आपली नाही. मग एका रात्री जेवताना मनात आलं, की कदाचित तुम्ही मला त्या जागेपासून नव्हे, तिथून जे दिसतं त्यापासून दूर ठेवत होता. तुमच्या मुलीने तुम्हाला तसं बघू नये, एवढंच. हे उत्तर नाही, माझा नुसता तर्क आहे. तुम्ही असतात तर कदाचित म्हणाला असतात, काहीतरीच काय, घोडी दमली होती.

एक गोष्ट मात्र आईलाही सांगितलेली नाही. मला वर बसायला फार आवडतं. घोडी चालू लागली की तिच्या पाठीचं हलणं माझ्या कमरेत येतं आणि मला रडू येईल इतकं बरं वाटतं. ते सोडायचं नाही आणि कुणाला शेजारी चालवायचंही नाही, असं ठरवून मी परत जाऊ लागले. मॅडम थांब म्हणाल्या, घाई करू नकोस म्हणाल्या. दोरी सोडा, कुंपणाच्या आतच फिरेन, पडले तर पडले, असं म्हणत मी दर रविवारी विचारत राहिले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सरळ लिहिते. गेल्या रविवारी मी दोरी सोडायला लावली. अण्णा कुंपणाजवळच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले, चहा घेतला. मी एकटीने वळसा घालून त्यांच्यासमोरून गेले, तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि घोडीवरून मला पहिल्यांदा त्यांचा चेहरा दिसला.