बेरजेच्या डब्यातल्या लवंगा

जळगाव,
ता. ८ जुलै २०२४

ति. आबांस,
शिल्पाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी बरी आहे. तुमचं कानातलं यंत्र पुन्हा शिट्टी वाजवायला लागलं असं आजी म्हणाली, म्हणून फोन न करता पत्रच लिहिते. शिवाय जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या पेपरात मी नापास झाले. बाकीचे विषय निघाले. दुसऱ्या वर्षात बसू देतात, पण नोव्हेंबरात हाच पेपर पुन्हा द्यायचा. तेव्हाही राहिला, तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. बाबा रागावले नाहीत. कारखान्यातून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, की दुसऱ्यांदाही राहिलं तर कॉम्प्युटर सोडायचं आणि वरणगावला येऊन प्रेमराजमामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं. शांतपणे म्हणाले, म्हणून जास्त भीती वाटली.

आबा, वाईट वाटून घेऊ नका, पण यात थोडा वाटा तुमचाही आहे. प्रोग्रॅम डोक्यात बसत नाहीत असं मी दिवाळीत म्हटलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, की कवितेसारखे पाठ कर, चालीत म्हण. मी केले. वहीतले बावीसच्या बावीस. पेपरात मात्र एक ते दहाची बेरीज विचारलीच नाही, पाच ते पंधरामधल्या सम संख्यांची विचारली. मी एक ते दहाचीच लिहून आले, कारण तीच येत होती. तोंडी परीक्षेला बाहेरून मॅडम आल्या होत्या. त्यांनी सातव्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ही कशासाठी. मला सातवी ओळ आठवायला पहिलीपासून म्हणावं लागलं. सहावीपर्यंत आले आणि त्या म्हणाल्या, राहू दे.

आजीला जयभीम सांगा. आशीर्वाद असू द्या, या वर्षी जास्तच लागतील.

तुमची,
शिल्पा


देवपूर, धुळे,
ता. १५ जुलै २०२४

चि. शिल्पास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हाशमभाई पोस्टमननं ते सायकलवरूनच उंच धरून दाखवलं आणि विचारलं, मास्तर, नातीकडे मोबाईल नाही का. मी म्हटलं, नातीकडे मोबाईल आहे, आजोबाकडे कान नाहीत.

तुझी सातवी ओळ वाचून गिरधर आठवला. साक्रीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला माझी पहिली शाळा होती. दुपारच्या तासाला चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणत, आणि समोरच्या टेकडीवरून शेवटचा शब्द परत येई. त्या शब्दाची मी वाट बघत असे. कधीकधी वाटे, टेकडीलाही हजेरीत घ्यावं. गिरधर पहिल्या रांगेत, आवाज खणखणीत. मात्र मधल्या कडव्याचा अर्थ विचारला, की तो डोळे मिटून पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. पुढं तो एस. टी.त कंडक्टर झाला. एकदा त्याच्याच गाडीत होतो. एका म्हातारीनं तिचं गाव कधी येईल विचारलं, तर हा धुळ्यापासूनचे सगळे थांबे म्हणायला लागला. तेव्हा मी हसलो होतो. आता तुझं पत्र वाचून वाटतं, की चौतीस वर्षं मी पोरांना चाल दिली, आत जायला दार दिलं की नाही ते तपासलं नाही. वाटा माझा आहे, थोडा नव्हे.

आता असं करू. तुझे पेपर कागदावरच होतात, मग सराव कागदावर का नको? पाठ केलेलं काही पाठवू नकोस. स्वतः रचलेला एक छोटा प्रोग्रॅम मराठीत लिहून पाठव. मी इथं यंत्र होतो. तू लिहिशील तेच करीन, मनाचं काही घालणार नाही, आणि काय झालं ते कळवीन. एक अट, चुकलेलं गिरगटून टाकायचं नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. माझ्या वर्गातही हाच नियम होता.

जेवणखाण नीट कर. लोभ आहेच, तो विचारून वाढत नाही.

तुझा,
आबा


जळगाव,
ता. २८ जुलै २०२४

ति. आबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

यंत्र व्हायचं असेल तर एक धरून चाला, की तुम्हाला काहीही समजत नाही. हे तुम्हाला कठीण जाईल असं माझी खोलीतली मैत्रीण नाजमीन म्हणते, कारण तुम्ही मास्तर होता. ओळ वाचायची, तेवढंच करायचं, पुढच्या ओळीवर जायचं. संख्या ठेवायला डबे लागतात आणि प्रत्येक डब्याला नाव असतं. पैसे नकोत, आजीचे चिंचोके घ्या. एक ते दहाची बेरीज हवी आहे. या माझ्याच ओळी आहेत, वहीत न बघता लिहिल्या.

'क्रमांक' डब्यात एक चिंचोका ठेवा.
क्रमांकाच्या डब्यात अकरापेक्षा कमी आहेत तोवर खालची ओळ पुन्हा पुन्हा करा.
क्रमांकात जितके आहेत तितके नवे चिंचोके 'बेरीज' डब्यात टाका.
सगळं झालं, की बेरजेच्या डब्यात किती ते सांगा.

उत्तर पंचावन्न यायला हवं. आलं नाही तर तुमचा दोष की माझा, ते बघू. आजीला जयभीम.

तुमची,
शिल्पा


देवपूर, धुळे,
ता. ३ ऑगस्ट २०२४

चि. शिल्पास,
जयभीम आणि आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

दंतमंजनाचा डबा क्रमांकाला दिला, चहाचा बेरजेला. क्रमांकात एक चिंचोका. एक अकरापेक्षा कमी आहे का? आहे. बेरजेत एक टाकला. परत वर. एक अकरापेक्षा कमी आहे का? आहेच. असा जेवणानंतर बसलो तो चहापर्यंत टाकतच होतो. मनात सारखं येत होतं, की क्रमांक वाढवावा. पण तू तसं लिहिलं नव्हतंस आणि मला समजायची मनाई होती. शेवटी पिशवी रिकामी झाली. तुझी आजी दारातून बघत होती. ती म्हणाली, बठ्ठा चिंचोका सरी गयात, आते तरी उठा. मग उठलो. गुडघे धरले होते.

आणखी एक. चहाच्या डब्यात चार लवंगा होत्या, चहात टाकायला आजीनं ठेवलेल्या. सुरुवातीला डबा रिकामा कर असं तुझ्या ओळींत कुठं नव्हतं, म्हणून मी त्याही मोजल्या. तेव्हा तुझी बेरीज दोनशे अकरा चिंचोके आणि चार लवंगा. निकाल जसा लागला तसा कळवला आहे.

तुझा,
आबा


जळगाव,
ता. १४ ऑगस्ट २०२४

ति. आबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मी खोलीत मोठ्यानं वाचलं. नाजमीन पलंगावरून खाली बसली हसून. तिचाही हाच पेपर राहिला आहे. मग आम्ही ते पुन्हा एकदा वाचलं, कारण परीक्षेत मी अगदी याच दोन ओळी सोडल्या होत्या, क्रमांक वाढवण्याची आणि डबा रिकामा करण्याची. पाठ म्हणताना त्या ओळी होत्या, फक्त त्या तिथं का आहेत ते ठाऊक नव्हतं, म्हणून एक ओळ निसटली तरी जिभेला काही टोचलं नाही. आता टोचतं. डबा दिसला, की लवंगा दिसतात. खरं यंत्रही असंच आहे. आम्ही जी 'सी' नावाची भाषा शिकतो, तिच्यात डबा आधी रिकामा केला नाही तर आत काय पडलेलं असेल त्याचा नेम नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये काल यंत्रानं चौदाव्या ओळीत चूक सांगितली. मी चौदावी ओळ पाच वेळा लिहिली, सहाव्यांदा रडकुंडीला आले. चूक तेराव्या ओळीच्या शेवटी होती. यंत्र अडखळतं तिथं बोट दाखवतं, खड्डा त्याच्या आधी असतो.

पुढचा धडा. एकाच नावाखाली बरेच डबे ओळीनं मांडायचे असले, तर त्यांना घरं म्हणू. पहिल्या घराचा क्रमांक शून्य. दुसऱ्याचा एक. का, ते विचारू नका, तसंच आहे. लक्षात ठेवा मात्र नक्की.

तुमची,
शिल्पा


देवपूर, धुळे,
ता. २२ ऑगस्ट २०२४

चि. शिल्पास,
जयभीम आणि आशीर्वाद.

शून्याचं ऐकलं, पण पटलं नाही. चौतीस वर्षं हजेरी घेतली, पहिला पोरगा एक नंबर. शून्य नंबरचा पोरगा म्हणजे जो आलाच नाही. तरी तू म्हणतेस तर मान्य.

तेराव्या-चौदाव्या ओळीचं मात्र लगेच पटलं. कविता म्हणताना पोरगं जिथं थांबतं, तिथलं ते विसरलेलं नसतं. त्याच्या आधीच्या ओळीत काहीतरी घाईनं गिळलेलं असतं. मी कायम थांबलेल्या ओळीचाच पहिला शब्द पुरवत आलो. पोरं पुढं जात, आणि दुसऱ्या दिवशी तिथंच थांबत. टेकडीनं कधी काही म्हटलं नाही, तिला शेवटचाच शब्द ऐकू यायचा.

दर आठवड्याला एक पाठव. आजीनं नवी चिंच फोडली आहे, चिंचोक्यांची ददात नाही. लवंगा मात्र तिनं वरच्या फळीवर हलवल्या.

तुझा,
आबा


जळगाव,
ता. २६ नोव्हेंबर २०२४

ति. आबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पेपर झाला. या वेळी अकरा ते चाळीसमधल्या तीनने भाग जाणाऱ्या संख्या होत्या. मी शेवटच्या पानावर तीन डबे काढले आणि पेन्सिलीनं चिंचोके मांडत एक फेरी चालवून बघितली. दुसऱ्याच फेरीत कळलं, की मी क्रमांक चुकीच्या जागी वाढवला आहे. एका रेघेनं खोडलं, खाली लिहिलं. पर्यवेक्षक सर वाकून बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, ते डबे कसले. मी म्हटलं, आमच्या आबांचे.

शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. कसं होईल सांगता येत नाही. निकाल जानेवारीत. बाबांनी काही विचारलं नाही. मामा मात्र दुकानात नवं मशीन आलं म्हणून सांगत होता.

तुमची,
शिल्पा


जळगाव,
ता. १३ जानेवारी २०२५

ति. आबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

निकाल लागला. प्रश्नवार गुणही बघायला मिळाले. बाबांना अजून सांगितलेलं नाही, रविवारी वरणगावला जाऊन समोरच सांगेन. तुम्हाला मात्र मी सांगणार नाही, निकाल तुम्हीच काढायचा.

सहा घरं ओळीनं मांडा. त्यांत डावीकडून ६, ९, ५, ८, ७, ८ चिंचोके ठेवा.
बेरजेचा डबा रिकामा करा. क्रमांकाचा डबाही रिकामा, म्हणजे शून्य.
क्रमांक सहापेक्षा कमी आहे तोवर या दोन गोष्टी करा: क्रमांकात जो आकडा असेल त्या घरातले सगळे चिंचोके बेरजेत टाका, मग क्रमांकात एक चिंचोका वाढवा.
शेवटी बेरीज चाळीसपेक्षा कमी असेल तर कागदावर 'झेरॉक्स' लिहा. नाहीतर 'तिसरं वर्ष' लिहा.

तुमची,
शिल्पा


देवपूर, धुळे,
ता. १७ जानेवारी २०२५

चि. शिल्पास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज दुपारी आलं. जेवण तसंच ठेवून डबे मांडले. चहाचा डबा आधी पालथा करून आपटला, काही निघालं नाही. ओळीमागून ओळ केली, मनाचं काही घातलं नाही. पस्तीस आले. मी कागदावर तू सांगितलेला शब्द लिहिला आहे.

पाच गुणांनी राहिलं. तू ते असं लिहून पाठवलंस, यात तुझा धीर दिसला. मला एवढा जमला नसता. रविवारी मीही वरणगावला येतो, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता हातातच देईन. राजदीपशी मी बोलतो. कानातलं यंत्र लावून येईन, म्हणजे त्याचंही ऐकू येईल. त्याला सांगेन, की पोरीनं नीट वाट धरली ती जुलैत. त्याआधीचं सगळं वर्ष माझ्या चालीवर गेलं, तेव्हा तिच्या खात्यावर ते धरू नकोस. तो माझा मुलगा आहे आणि माझ्याच वर्गात होता. त्यालाही मी पुष्कळ पाठ करायला लावलं होतं. त्याला आठवत असेल.

दुकानात बसावं लागलंच, तरी डबे सोडू नकोस. मी इथं आहे. आठवड्याला एक पाठवत जा. परीक्षा नसली म्हणून यंत्रानं बंद पडावं असं थोडंच आहे.

*

वरच्या तिन्ही परिच्छेदांवर मी एकेक आडवी रेघ मारली आहे. खालचं वाचता येतं.

झालं असं. सही करणार एवढ्यात तुझी आजी चिंचोके गोळा करायला आली. पाच घरं रिकामी, सहाव्यात ढीग तसाच. तिनं विचारलं, ह्या आठ कोनासाठे ठेयात. मी म्हणणार होतो, की यंत्र तिथवर पोचलंच नाही. मग माझाच हात थांबला. क्रमांक शून्य होता तेव्हा मी घरांकडे बघितलं होतं, शून्य नंबरचं घर मला कुठं दिसलं नव्हतं, म्हणून गैरहजर धरून पुढं गेलो होतो. पहिल्या घराला मी एक म्हटलं. हजेरीच घेतली, दुसरं काय.

सगळे चिंचोके आजीकडून परत मागून घेतले, घरं पुन्हा भरली. आजी समोर बसली आणि प्रत्येक फेरीला बोटानं घर दाखवत गेली. पहिल्या घरावर बोट ठेवून ती म्हणाली, शून्य. तिला पटवून द्यावं लागलं नाही.

त्रेचाळीस.

आधीचा शब्दही एका रेघेनं खोडला आणि त्याच्याखाली दुसरा लिहिला. तो कागद सोबत जोडला आहे. वरणगावला येण्याचं ठरलंय ते तसंच राहू दे. राजदीपला मी काही बोलणार नाही, सांगायचं तुझं तू सांग. मी फक्त बसेन. प्रेमराजच्या दुकानात हा कागद झेरॉक्स करून घेऊ, एक प्रत मला ठेवायची आहे. आजीनं नाजमीनसाठीही थोडे चिंचोके बांधून दिले आहेत. तिचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस.

आशीर्वाद आहेत. या खेपेला मोजून घे, शून्यापासून.

तुझा,
आबा