काठांचा शेला

माय, मी सांगते आहे आणि नातसून लिहिते आहे. ती गोंदियाकडची, मराठी शाळेत शिकलेली, म्हणून मी ‘मले’ म्हटलं की ती ‘मला’ लिहिते. लिहू दे. घरातल्या पोरांना मराठी नकोच, त्यांचं सगळं हिंदीत चालतं. तुलाही अक्षर येत नव्हतं, मलाही येत नाही, तेव्हा या कागदातली चूक काढणारं आपल्या दोघींत कोणी नाही. ती म्हणाली, आजी, आधी तब्येत विचारायची असते ना? मी म्हटलं, मेलेल्या माणसाची तब्येत काय विचारतेस, तिची बरीच असेल, बिघडली आहे ती माझी. तू सरळ शेल्यावर ये.

लांजीकडच्या आपल्या त्या गावात कोणाची मयत झाली की मढ्यावर टाकलेलं कापड आपल्या वस्तीला मिळायचं. मेलेली ढोरं ओढायची तीही आपणच. त्याला हक्क म्हणत. इतका चांगला शब्द इतक्या घाण कामाला लावलेला मी दुसरीकडे ऐकला नाही. बा मी रांगत असतानाच गेला होता, म्हणून आपल्या घरचा हक्क तू चालवायचीस. लोक रडत असत आणि तू मागे उभी राहून काठ पाहत असायचीस. रेशमाचा आहे की सुताचा, रुंद आहे की बोटभर, हे मढं उचलायच्या आधीच तुझ्या डोक्यात बसलेलं असे. विधवेचं बिनकाठाचं कापड आलं की तुझं तोंड वाकडं. म्हणायचीस, “बिचारीनं जित्तेपणी काही देल्लं नाही, मरूनबी नाही.” मग ते कापड राखेच्या पाण्यात उकळायचं, नदीवर आपटायचं आणि विळ्यानं त्याचा काठ कापून घ्यायचा. मधलं कापड लंगोटांना, बाळंतिणींच्या पोटाला, दिव्याच्या वातींना जाई. काठ मात्र वळचणीखालच्या दोरीवर महिनोन्महिने लोंबत राहत आणि तू येता-जाता एकाला दुसऱ्याशेजारी धरून डोळे बारीक करून पाहायचीस. हात शेणाचे असले तर लांबूनच, मानेनं. कुंभारणीचा काळा-पांढरा चौकड्यांचा, तेलिणीचा हळदी, आणि मालगुजाराच्या बाळंतपणात गेलेल्या पहिल्या बायकोचा लाल रेशमी. जुन्या पांढऱ्या धोतरावर तू काठाला काठ लावून शिवत गेलीस, तोच शेला. एकदा सासू-सुनेचे काठ शेजारी आले तर तू रातोरात सगळे टाके उसवलेस. “जन्मभर कुटाणे केले, आता तरी दूर दूर झोपू दे.”

नदीवर जाणाऱ्या गावातल्या बाया वाटेवर थांबून, दूर राहूनच, तुला म्हणायच्या, उघडून दाखव ना व. तू दाखवायचीस. आपापलं माणूस त्या काठांत ओळखू आलं की कोणी पदर डोळ्याला लावायची. मालगुजाराची दुसरी बायको तर खास येई, पहिलीचा काठ कुठे लावला ते पाहायला. तू तो मुद्दाम मधोमध लावला होतास, आणि ती आली की शेला दोन्ही हातांनी असा झटकायचीस, जशी काही पहिली अजून वाड्यात पाय आपटते आहे. तुझ्यासारखं शिवणारं मी पुढे कोणी पाहिलं नाही. तुझ्यासारखं टोचणारंही नाही.

तो शेला माझा होता. वैशाखात माझं लग्न करायचं चाललं होतं आणि हा अंगावर घालूनच तू मला वाटेला लावणार होतीस, असं साऱ्या वस्तीदेखत बोलली होतीस. थंडीत मी तो घेऊनच बसायची. त्या मेलेल्या बायांनी जितकी ऊब दिली तितकी मला पुढे कोणत्या जित्या माणसानं दिली नाही. नवऱ्यानंसुद्धा नाही, आणि नवरा वाईट नव्हता.

मग वस्तीतली माणसं नागपूरला दीक्षेला गेली, त्यांच्यात तू. परत आलीस ती पांढऱ्या लुगड्यात, धुळीनं माखलेली, आणि इतकी ताठ की मला वाटलं कोणी पाठीत काठी घातली. घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडलेस. मला त्यांचं काही वाटलं नाही, ते माझ्या कधी कामी आले नव्हते. थोड्याच दिवसांत गावात एक म्हातारा मेला, बोलावणं आलं, आणि वस्तीतून कोणी गेलं नाही. बोलवायला आलेला माणूस शिव्या देत परत गेला तेव्हा तू घराकडे वळलीस. मी चुलीपाशी शेला पांघरून बसलेली.

“काढ,” तू म्हणालीस.

मला वाटलं, जाळशील. जाळला असतास तर मी रडून मोकळी झाले असते. तू मला समोर बसवलंस आणि तो माझ्याच हातानं उसवायला लावलास. एखादा काठ जरा ताणला गेला की बोटांवर फटका. “फाडू नको, लोकायचं हाय.” मी रडत होते आणि तू एकेक काठ मांडीवर दाबून सरळ करत होतीस, घडी घालत होतीस, जसं लग्नाचं वाण. सगळे सुटे झाले तेव्हा सांगितलंस की हे आता ज्याचं त्याच्या दारात मी नेऊन द्यायचं, आणि देताना काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतंस. “आमी आता मढ्याचं कापड घेत नाही. तुमचं तुमच्यापाशी ठेवा.” एवढंच. ते मान वर करून म्हणायचं. चुलीवर भात शिजतो आहे, मी म्हणते आहे, आणि मान जरा खाली गेली की तू थाळी मागे ओढतेस. त्या दिवशी मी भात खाल्ला तो पाठ झाल्यावर, थंड.

मी विचारलं, तू काहून नाही जात? तू विचार करूनच ठेवला होतास, लगेच बोललीस. “मले मारलं तं गाव म्हणन, भांडकुदळ बाई होती. पोरीले मारलं तं त्यायलेच लाज वाटन.” नातसून इथे लिहायची थांबली आणि म्हणाली, खरंच असं म्हणाल्या? मी म्हटलं, लिही, माझ्या मायपुढे तुझी सासू देवमाणूस आहे, पुढे चल.

तू हद्दीवरच्या चिंचेखाली उभी राहिलीस आणि मी काठ घेऊन निघाले. कुंभारणीच्या सुनेनं सासूचा काठ हातातून ओढून घेतला, डोळ्यांना लावला आणि दार लावून घेतलं. मला बोलायला सापडलंच नाही. तेल्याच्या घरी म्हातारा म्हणाला, टाक तिकडे उकिरड्यावर. मी टाकला. उकिरड्याला काय सांगायचं? शेवटी मालगुजाराचं घर, चिंचेपासून हाकेवर. त्याची बायको ओसरीवर तांदूळ निवडत बसली आहे. माझ्या हातात तो लाल काठ, आणि मी एक पायरी चढून उभी आहे, चढले कधी ते मला कळलेलं नाही.

“काय आणलं व?” ती विचारते.

माझी मान आपोआप खाली जाते. आणि माय, तोंडातून जे निघतं ते तू पाठ करून घेतलेलं नाही, ते तुझ्या पाठीमागे उभं राहून जन्मल्यापासून ऐकलेलं आहे. “बाई, हे जुनं झालं. दुसरं द्या.”

ती हसली. सूप खाली ठेवून, पोट धरून हसली. “दुसऱ्यासाठी आधी कोणी मेलं पाह्यजे ना व.” तेवढ्यात गोठ्यातून गडी आला, त्यानं मला पायरीवर पाहिलं आणि हातातली बैल टोचायची तुतारी कपाळावर हाणली. तो बैलालाही याहून हलकी मारत असेल. तेव्हा मार पडला हे खरं. पण तो वाक्यासाठी नाही, पायरीसाठी पडला. लाल काठ तिथेच पडला आणि त्यावर माझं रक्त सांडलं, ते त्या रंगात दिसलंही नाही.

चिंचेखाली तू माझं कपाळ पदरानं दाबून धरलंस. “म्हटलं?” तू विचारलंस. मी म्हटलं, हौ. तू जरा जास्तच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिलीस. मला वाटलं, जखम पाहतेस.

गावाला लाज वगैरे काही वाटली नाही. आपल्याला काम देणं बंद झालं, विहिरीची वाट बंद झाली, आणि आपण भरवेलीला खाणीवर आलो. तू दगड फोडायला लागलीस. पण तू पाठ करून घेतलेलं ते वाक्य वस्तीच्या तोंडून आपल्या आधीच भरवेलीला पोचलं होतं. ज्या पोरीनं मालगुजाराच्या दारात असं सुनावलं तीच सून पाहिजे, असं म्हणत माझा सासरा स्वतः चालून आला. पांढऱ्या लुगड्यात माझं लग्न लागलं. अंगावर शेला नाही. मी तुझ्याकडे पाहिलं तर तू दुसरीकडे पाहत होतीस.

आणि मग दरसाली जयंतीला मांडवात तू मला उभी करायचीस. “सांग व, काय म्हटलं होतं.” मी मान वर करून सांगायची. टाळ्या पडायच्या. पोटुशी होते तेव्हाही उभी केलीस, पोर कडेवर होतं तेव्हाही. खाणीच्या कॉलनीतली पोरं सायकलवरून जाताना मला पाहून ते वाक्य ओरडायची. एका वर्षी मी म्हटलं, माय, या खेपेला नको, तर माझ्या लेकादेखत तू माझा कान पिळलास. मला वाटायचं, म्हातारीला मोठेपणा पाहिजे, पोरीच्या जिवावर मिरवून घेते. मी तुला मनात पुष्कळ शिव्या दिल्या. तू मोजल्या असतीस तर खूष झाली असतीस.

दगड फोडून तुझे हात कामातून गेले तेव्हाची गोष्ट. बालाघाटच्या बाजारातून तू कोरी लुगडी आणायला लागलीस आणि काठ कापून मधलं कापड वाटून टाकायला लागलीस. लोक म्हणाले, बुढी पागल हो गई. दोरीवर पुन्हा काठ लोंबले, पुन्हा डोळे बारीक झाले. बोटं वाकडी झालेली, सुई निसटायची, टाके तिरके पडायचे. माझ्या लेकीचं नाव ठेवलं त्या दिवशी तू तो नवा शेला बायांनी भरलेल्या घरात माझ्या खांद्यावर टाकलास. कोरा, कडक, भडक. मी तो काढला, हातात धरून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माय, यात कोणी मेलंच नाही. ऊब कुठून यीन?” बाया हसल्या. मलाही हसू आलं, खरं सांगायचं तर फार दिवसांनी इतकं बरं वाटलं. तू फक्त हौ म्हणालीस, शेला घडी करून घेऊन गेलीस आणि त्या दिवसापासून स्वतः पांघरायला लागलीस.

मग तुझी छाती भरली. तू आमच्या क्वार्टरात, खाटेवर, दिवसभर खोकत. एका दुपारी तू थरथरत होतीस, मी तुझ्या अंगावरचा शेला नीट करत होते. तू डोळे उघडलेस. मला पाहिलंस, आणि मान खाली घातलीस, अगदी बारक्या पोरीसारखी, आणि बारीक आवाज काढून म्हणालीस, “बाई, हे जुनं झालं. दुसरं द्या.”

आणि हसायला लागलीस. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसणं, डोळ्यांतून पाणी. मी शेल्याचं टोक हातात धरून तशीच उभी. चिंच इतकी जवळ होती हे मला त्या दुपारी कळलं. तू ऐकलं होतंस, पहिल्याच दिवशी, आणि एवढी वर्षं एक शब्द न बोलता मला मांडवात उभी करत होतीस. मला शिक्षा देत होतीस, की इतक्यांदा म्हटलं म्हणजे कधीतरी ते दारात म्हटल्यासारखं होईल असं तुला वाटत होतं, ते मी विचारलं. तू म्हणालीस, पाणी दे. त्यानंतर तू बोललीसच नाहीस.

आता तू नाहीस तरी मी मांडवात जाते. पोरं हिंदीत विचारतात, दादी, क्या बोला था? मी मान वर करून सांगते. आज पहिल्यांदा दुसरं सांगितलं, तेही नातसुनेला, आणि ती आता माझ्याकडे अशी पाहते आहे जसं काही मीच तिला पायरीवरून ढकललं. हा कागद तिनं चुलीत घालावा असं मी तिला सांगितलं आहे.

एवढं एक राहिलं. तुझ्या मयतीला सगळ्यांनी पांढरं कापड आणलं, एकालाही काठ नव्हता. मी मागे उभी राहून पाहत होते. तुला तिरडीवर ठेवायला माणसं आत आली, त्याच्या आधी मी तुझ्या अंगावरचा तो शेला ओढून घेतला आणि ट्रंकेत टाकला. यंदा थंडी फार आहे. तो खांद्यावर घेऊनच सांगते आहे. टाके तिरकेच आहेत, रंग भडकच आहेत, पण माय, ऊब येते.