ओव्याची बिडी

सविताच्या बाबांना,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात बोलत होते, तेवढं पुरत होतं. आज कागद घेतला, कारण काल रामदास आला आणि मी त्याच्याशी खोटं बोलले.

दंडारीच्या खेळात तुमच्यासोबत गाणारा जोडीदार तो. मंडईची जत्रा चार दिवसांवर आलेली आणि गळा असा बसलेला, की आवाजावरून ओळखलंच नाही. "वहिनी, दादाले वळून देत होत्या तशी ओव्याची बिडी द्या ना दोन-चार. गाणं अटकून राहिलं."

बिड्या वळता वळताच मी म्हटलं, "पानं संपले."

"मांडीवर सूप भरून आहे अन् पानं संपले म्हणता? लय चिंगूस झाल्या तुम्ही!" हसता हसता खोकला. परवा येतो म्हणाला.

आता ऐका. मागच्या महिन्यात माझाच आवाज घोगरा झाला, म्हणून सविताने गोंदियाला घशाच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. तिने चित्र काढून दाखवलं. स्वरतंतूंवर म्हणे एक नाजूक अस्तर असतं, पेशीला पेशी चिकटून बसलेलं. धुरातलं जहर त्या पेशींना, गंज लोखंडाला खातो तसं, खातं. शरीर तो गंज पुसत असतं, पण धूर रोजचा झाला की पुसणं मागे पडतं. पेशींचे सांधे सैल होतात, अस्तर सुजतं, ओलावा टिकत नाही, आवाज फाटतो.

मी विचारलं, "अन् ओव्याचा धूर?"

"पान जळतंच ना, आजी? धूर तो धूर."

अहो, तंबाखूच्या बिडीला तुम्ही कधी ओठ लावला नाही, याचा मला केवढा तोरा होता! आणि गळा मोकळा व्हावा म्हणून मीच ओवा भरून, धागा बांधून हाती देत होते. आधी मंडईपुरती, मग रोज सकाळी.

घसा जळजळतो म्हणून मला एकदा तरी सांगायचं होतं ना? सविताला मात्र म्हणालात, "तुझ्या मायनं मनापासून वळली, नाही कसा म्हणू?" इतकं भलेपण काय कामाचं?

मग गळ्यात गाठ निघाली. शेवटचे दोन महिने तुम्ही बोटाने खूण करून पाणी मागत होता. डॉक्टरीणबाई म्हणते, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. तिने समजूत घातली. मला पटत नाही.

सांगावं, तर गाव म्हणेल हिनेच नवऱ्याचा गळा घालवला. गप्प राहावं, तर रामदास दुसरीकडून वळून घेईल. आणि बिड्या वळणं सोडून मी तरी करू काय? या वयात हाताला दुसरं काय येतं? तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते, तरी सकाळी सूप मांडीवर घेतेच.

पण एवढं वचन देते. उद्या रामदासला बसवीन, कोमट पाणी देईन, दवाखान्यात जा म्हणेन. तो "काऊन?" विचारेल. तेव्हा पानं संपली म्हणणार नाही. कोणाच्या हाताने कोणाचा गळा गेला ते सांगीन, तुमचं नाव घेऊन. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव मी ओठांवर आणलेलं नाही.

तुमचीच,
सविताची आई