कोयत्याच्या घावांची वाटणी

सगळ्यात आधी आली ती शेजारची आवडाबाई, पिठाचे हात तसेच. "गो शेवंते, तुझ्या दारात गाडी लागलीय न् दोन रेडे उतरलेत!" रेडे म्हणजे दोन आडदांड माणसं, त्यांच्या मागून गॉगल लावलेला विकीशेठ. मोबाईलवरचे मारामारीचे गेम बनवायची त्याची कंपनी, आमच्या मानपाड्यातच. चहा नको म्हणाला तेव्हाच ओळखलं, हा बऱ्या कामाला आलेला नाही.

पण नौपाड्याची मेघना वकीलबाई फोनवर ओरडतेय, आजी, आधी शुद्धीचं लिहा. तर लिहिते. मी शेवंती धाकू मढवी, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण दुसरी, राहणार मानपाडा, डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, आनंदात आणि कुणाच्या धाकाखाली न येता लिहीत आहे. धाक घालायला आलेले, पण त्यातल्या एकाचा हात प्लास्टरात आहे.

राहतं घर मुलगा पोपट याला. कोयता आणि ठुशी नात कृतिकाला. माझी खाट मात्र पोपटला नाही. शेठसमोर तो मला बोलला, "आये, कर ना सही, कशाला राडा?" खाट साईनाथला. हा कृतिकासोबत कंपनीत गेमची चित्रं हलवायचं काम करतो. त्या पोराला कंपनीतच टेबलाखाली झोपायची सवय लागलीय, ती मोडावी.

आता मोठी मिळकत. माझे घाव.

गेममध्ये माणसं कापणारी म्हातारी हडळ हवी होती. कृतिका म्हणाली, आमच्या आजीसारखा कोयता कोण चालवत नाही. मला काळे घट्ट कपडे घातले, अंगभर पांढऱ्या गोळ्या चिकटवल्या, हालचाल टिपायला चारी बाजूंनी कॅमेरे. म्हणे हवेत मारा. हवेत कोण मारतं? मी कोहळे मागवले. आता अख्ख्या कोहळ्याला बाईने पहिला घाव घालायचा नसतो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून दर वेळी साईनाथने पुढे येऊन सुरी टोचायची, तोवर मी थांबायचं, मग फाडायचा. यंत्राने ते थांबणंही उचललं. आता हडळ समोरच्याला पहिला घाव घालू देते, थांबते, आणि मानेपासून कमरेपर्यंत उभा चिरते. आतडी बाहेर! काय सुंदर दिसते मी. हळदीला पोरं माझ्यासोबत फोटो काढतात.

त्या थांबण्यावरच गेम खपला. विकीशेठने ठाण्यात बंगला घेतला. मला एक साडी, तीपण पॉलिस्टर. पोरं रात्रंदिवस राबलेली, साईनाथ तर एकदा संगणकासमोर चक्कर येऊन पडला, भुवई फुटली. गेम बाजारात आला न् निम्म्यांना काढून टाकलं. जादा कामाचा पगार मागितला तर शेठ म्हणतो, "या लाईनीत पॅशन पाहिजे." पॅशन काय कालवणात घालतात?

आणि आता दुसऱ्या भागासाठी त्याला माझी सही हवी. माझी हालचाल, माझी किंकाळी कायमची कंपनीची, मी मेल्यावरसुद्धा. मेघना म्हणते, सही नाही तर हडळ हलणार नाही. मी नाही म्हटलं.

कृतिकासोबत आलेला साईनाथ मध्ये पडला, तर दोन रेड्यांतल्या जाड्याने त्याच्या थोबाडात दिली. दात माझ्या लादीवर. झाला पहिला घाव त्यांचा. सवयीने मी क्षणभर थांबले, मग कोयता उलटा धरून त्याच्या मनगटावर घातला. हाड कडाकन बोललं. सुलटा का नाही धरला, याची रुखरुख आहे. दुसऱ्याचं नाक आवडाबाईच्या लाटण्याने फुटलं, रक्त पार उंबऱ्यापर्यंत. शेठचा गॉगल कृतिकाच्या चपलेखाली. पोपट मोरीत.

म्हणून लिहून ठेवते. माझे घाव, थांबणं आणि किंकाळी, ही मिळकत त्या गेमवर राबलेल्या सगळ्या पोरांची, काढलेल्यांचीसुद्धा, सारखी. शेठला वापरायची तर आधी त्यांचा जादा पगार चुकता करावा, काढलेल्यांना कामावर घ्यावं, पुढच्या कमाईत वाटा द्यावा आणि रात्रीचं पोरांना घरी सोडावं. नाहीतर हडळ माझ्याबरोबर सरणावर जाईल. पोपटने माझ्यामागे कुठे सही ठोकली तर घरही कृतिकाचं.

बाराव्याला रडू नये. मोठ्या पडद्यावर माझी कापाकापी लावावी आणि नणंद निशाला पुढच्या खुर्चीत बसवावं. लग्नात ती मला मऊ मेण म्हणालेली.

हे सगळं परत वाचलं, हसू आलं, मान्य आहे.

सही : शेवंती धाकू मढवी

साक्षीदार : आवडाबाई पांडुरंग भोईर
डॉ. कुंडलिक गायकर (शुद्धीचा दाखला यांचाच, प्लास्टरही यांनीच घातलं)

ठिकाण : मानपाडा
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

विकीशेठ गाडीच्या काचेतून बोलून गेलाय, जास्त माणसं घेऊन रविवारी येतो. रविवारी आमची अख्खी आळी घरीच असते.